क्लबचे ड्रम, गेलिक शब्द आणि आजोबांची चाल: ॲशली मॅकआयझॅकने 'म्हाताऱ्यांचं संगीत' पॉप रेडिओवर कसं नेलं?

1995 च्या सुमारास कॅनडातल्या पॉप रेडिओवर एक वेगळंच गाणं वाजायला लागलं. खाली नाइट क्लबमध्ये वाजतात तसे ड्रम. वर सुसाट पळणारं फिडल. आणि त्यावर एक बाई अशा भाषेत गातेय, जिचा एक शब्दही बहुतेक ऐकणाऱ्यांना कळत नव्हता. तरी गाणं हिट झालं.

गाण्याचं नाव 'स्लीपी मॅगी'. भाषा स्कॉटिश गेलिक. गायिका मेरी जेन लॅमंड. आणि फिडल वाजवणारा, किल्ट घालून जाड बुटांनी स्टेजवर पाय आपटणारा पोरगा होता ॲशली मॅकआयझॅक. वय वर्षं फक्त वीस.

ज्या अल्बममध्ये हे गाणं होतं, तो कॅनडात डबल प्लॅटिनम झाला. 1996 मध्ये ॲशलीला जुनो पुरस्कारही मिळाले. जुनो म्हणजे कॅनडाचे ग्रॅमी समजा. पण हा पोरगा आला कुठून, आणि त्याने नेमकं केलं काय, हे समजायचं तर आधी एका बेटावर जावं लागेल.

स्कॉटलंडमधून हुसकावलेली माणसं

कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया प्रांत आहे. नावाचा अर्थच 'नवं स्कॉटलंड'. केप ब्रेटन हे त्यातलंच एक बेट. 18 व्या आणि 19 व्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या जास्त फायद्याच्या वाटायला लागल्या. हजारो कुटुंबांना पिढ्यानपिढ्यांच्या जमिनीवरून हाकललं गेलं. त्यातली बरीच जहाजाने केप ब्रेटनला पोचली. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, ज्यांना सामानात जागा लागत नाही: गेलिक भाषा आणि डोक्यात साठवलेल्या चाली.

बेट इतकं आडबाजूला होतं की मुख्य भूमीला जोडणारा रस्ता 1955 मध्ये झाला. त्यामुळे इथलं संगीत आपल्याच तंद्रीत वाढत राहिलं. स्कॉटलंडमध्ये शास्त्रीय व्हायोलिनच्या शिस्तीचा प्रभाव फिडलवर पडत गेला, इथे तो फारसा पोचला नाही. म्हणूनच केप ब्रेटनमध्ये 18 व्या शतकातलं अस्सल स्कॉटिश संगीत जसंच्या तसं टिकलंय, असं बरेचजण छातीठोकपणे सांगतात. हे 'जसंच्या तसं' मात्र अभ्यासकांना पूर्ण पटत नाही. दोनशे वर्षांत काहीच बदललं नाही असं जिवंत संगीत कुठे असतं?

फिडल आणि व्हायोलिन यात फरक काय?

वाद्य तेच. फरक वाजवण्यात आणि कशासाठी वाजवायचं यात. केप ब्रेटनचं फिडल खुर्चीत शांत बसून ऐकायचं नाही, ते नाचायचं. इथला नाच म्हणजे स्टेप डान्स: कमरेच्या वरचं शरीर जवळपास स्थिर, हात सैल आणि पाय जमिनीला अगदी चिकटून ताल धरणारे. नाचणाऱ्याचे पाय म्हणजे जणू तालवाद्यच. फिडलवाला स्वतः बसल्या जागी पायाने ठोका देत असतो, शेजारी पियानो असतो. स्वयंपाकघरात, गावच्या हॉलमध्ये, लग्नात हे असंच चालतं.

वाजवण्याचा क्रमही ठरलेला. आधी एखादी संथ चाल, मग स्ट्रॅथस्पे, मग रील. (इन्स्टावालं रील नव्हे. हा जुना नाचाचा प्रकार आहे.) स्ट्रॅथस्पेमध्ये एक आखूड आणि एक लांब सूर असा झटका बसतो. ऐकताना कुणीतरी मागून ढकलल्यासारखं वाटतं. रील मात्र न थांबता पळते. मध्येच फिडलवाला धनुकलीने एकाच सुराचे पटापट तीन तुकडे करतो. तिथे याला 'कट' म्हणतात. सोबत शेजारची मोकळी तारही घुमत ठेवली जाते, त्यामुळे एकच माणूस वाजवत असला तरी आवाज भरलेला वाटतो.

'संपत आलेला फिडलवाला'

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या सरकारी वाहिनीने एक माहितीपट दाखवला. नावच होतं 'द व्हॅनिशिंग केप ब्रेटन फिडलर'. म्हणजे लुप्त होत चाललेला फिडलवाला. सूर असा की वाजवणारे म्हातारे झालेत, पोरांना रस नाही, हे आता संपणार.

बेटावर लोक चिडले. चिडण्याचा उपयोगही त्यांनी चांगला केला. फिडलवाल्यांची संघटना उभी राहिली आणि 1973 मध्ये ग्लेनडेल नावाच्या छोट्या गावात उत्सव भरला. शंभरावर फिडलवादक एकत्र आले. माहितीपटाने चित्र जरा जास्तच काळं रंगवलं असेलही, पण त्या धक्क्यातून एक ठोस गोष्ट झाली: मुलांचे वर्ग सुरू झाले. स्टॅन चॅपमन यांच्यासारख्या शिक्षकांनी एक अख्खी पिढी घडवली. त्याच वर्गांतून नॅटली मॅकमास्टर पुढे आली आणि तिचा चुलतभाऊ लागणारा ॲशलीही.

ॲशलीचा जन्म 1975 चा, क्रेग्निश गावातला. डावखुरा. आधी पायांनी नाच शिकला, फिडल नंतर आलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढे त्याने कितीही गोंगाट केला तरी ताल पायातलाच राहिला. 1992 मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या अल्बमचं नावही नाचावरून घेतलेलं: 'क्लोज टू द फ्लोअर', म्हणजे जमिनीला चिकटून. तो पूर्ण पारंपरिक होता.

त्याच सुमारास त्याचं नशीब उघडलं. प्रसिद्ध संगीतकार फिलिप ग्लास आणि नाट्यदिग्दर्शिका जोॲन अकलायटिस उन्हाळ्यात केप ब्रेटनला येत असत. अकलायटिस यांनी सतरा वर्षांच्या ॲशलीला न्यूयॉर्कला, 'वॉयझेक' नाटकासाठी बोलावलं. क्रेग्निशहून थेट न्यूयॉर्क. तिथे त्याच्या कानावर काय काय पडलं असेल, याचा अंदाज पुढच्या अल्बमवरून येतो. त्यात पंक आहे, ग्रंज आहे, हिप-हॉपचे ठोके आहेत.

मग मिसळलं नेमकं काय?

इथेच गंमत आहे. 'स्लीपी मॅगी' ही मुळात जुनी पारंपरिक रील. ॲशलीने फिडलची चाल फारशी बदललीच नाही. तेच कट, तीच घाई. बदललं ते आजूबाजूचं सगळं. पियानोच्या जागी बेस गिटार आणि ड्रम आले. रील आणि डान्स म्युझिक दोन्ही नाचासाठीच असल्यामुळे त्यांचे वेग एकमेकांच्या जवळ जातात, म्हणून हे जोडकाम ओढून-ताणून केल्यासारखं वाटत नाही. फ्यूजनच्या नावाखाली बऱ्याचदा दोन संगीतांची पातळ खिचडी होते. इथे तसं झालं नाही, कारण एक बाजू अजिबात हलायला तयार नव्हती.

गेलिकचं वजन वेगळंच. ही भाषा केप ब्रेटनमध्ये एकेकाळी घराघरांत बोलली जायची. शाळेने तिला दारात उभं केलं नाही, आणि इंग्रजीशिवाय पोरांचं भलं होणार नाही असं आईबापांनाही वाटायला लागलं. भाषा आजी-आजोबांपुरती उरली. मेरी जेन लॅमंडला तिची गोडी आजी-आजोबांच्या घरामुळे लागली, पुढे विद्यापीठात तिने ती रीतसर शिकून घेतली. ज्या भाषेची लाज वाटावी असं वातावरण होतं, ती आता पॉप गाण्यांच्या यादीत होती.

बेटावर सगळेच खूश होते असं नाही. ही परंपरा आहे की तमाशा, असा सूर जुन्या लोकांत निघाला. पुढे ॲशलीच्या बेधडक वागण्याची चर्चा संगीताहून जास्त व्हायला लागली. व्यसन, पैशांची ओढाताण, सगळं त्याने स्वतःच 2003 च्या आत्मचरित्रात सांगितलंय. नॅटलीची वाट शांत होती. तिनेही ब्लूग्रासची गायिका ॲलिसन क्राऊस आणि चेलोवादक यो-यो मा यांच्यासोबत काम केलं, पण जुन्या श्रोत्यांना तिच्यामागे धावावं लागलं नाही.

वादावर ॲशलीचं उत्तर मात्र वाजवूनच आलं. हिट अल्बमचं नाव होतं 'हाय, हाउ आर यू टुडे?'. 1996 मध्ये, प्रसिद्धी शिगेला असताना, त्याने पुढचा अल्बम काढला: 'फाइन, थँक यू व्हेरी मच'. ड्रम गायब, ग्रंज गायब. पुन्हा जुनी फिडलची परंपरा. 2010 च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनातही कॅनडाने जगाला दाखवायला ज्या फिडलवाल्यांना आणलं, त्यात तो होता.

ऐकायचं असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी 1996 चा पारंपरिक अल्बम, मग 'स्लीपी मॅगी'. दुसऱ्यांदा ऐकताना ड्रमकडे लक्ष देऊ नका, फक्त फिडलच्या मागे जा. धनुकलीचे ते तीन-तीन तुकडे दोन्हीकडे सारखेच सापडतील.