विश्लेषण : एसटीचे चालक आता कंत्राटी? कायम नोकरी जाते तेव्हा नेमके काय जाते?

महाबळेश्वरला कोणत्याही बाजूने जा, घाट चुकत नाही. वाईकडून पसरणीचा, मेढ्याकडून केळघरचा, पोलादपूरकडून आंबेनळीचा. या घाटांत एसटी चालवणारा माणूस वर्षानुवर्षे महामंडळाचा कायम कर्मचारी असे. सातारा विभागातील ११ आगारांपैकी एक महाबळेश्वरला आहे. एसटीची चालकपदाची भरती ही डोंगराळ तालुक्यांतील तरुणांसाठी गावाजवळ राहून मिळणारी हक्काची नोकरी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र १७,४५० चालक आणि सहायक कंत्राटी पद्धतीने घेण्याची घोषणा झाली. बस तीच, घाट तोच, पण चालकाचा मालक वेगळा. या बदलाने नेमका काय फरक पडतो?

एसटीत कंत्राटी चालक प्रथमच येत आहेत का?

नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘शिवशाही’ सेवेतील काही बस खासगी पुरवठादारांच्या होत्या. त्यांत बस आणि चालक पुरवठादाराचा, वाहक महामंडळाचा आणि पैसे किलोमीटरप्रमाणे, अशी रचना होती. २०२३ मध्ये ५,१५० विजेवरील बस घेण्याचे ठरले, तेही याच भाडेतत्त्वावर. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील विलीनीकरणाच्या संपात बस बाहेर काढण्यासाठी कंत्राटी चालक नेमले गेले. संप मिटल्यावर काही महिन्यांतच त्यांची सेवा थांबवण्यात आली. आताच्या घोषणेत नवे आहे ते असे, की महामंडळाच्या स्वतःच्या बसवरही निविदेतून निवडलेल्या संस्थेचे चालक असतील. करार तीन वर्षांचा आणि वेतन किमान सुमारे ३० हजार रुपये, असे सांगण्यात आले.

महामंडळ या मार्गाने का जाते?

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, तेव्हापासून एसटी सामाजिक जबाबदारी आणि तोटा दोन्ही सोबत वाहते आहे. कायम कर्मचाऱ्याचा खर्च केवळ महिन्याच्या पगाराचा नसतो. वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्ता, रजा, उपदान हे सारे पुढील तीस वर्षांचे देणे असते. कंत्राटात तो खर्च तीन वर्षांपुरता ठरतो आणि मुदत संपली की बांधिलकीही संपते. नव्या बस दाखल होणार आणि त्यांना तातडीने मनुष्यबळ हवे, हे कारण घोषणेच्या वेळी पुढे करण्यात आले.

राज्य सरकारनेही हाच विचार करून पाहिला आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याची मुभा दिली. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. निर्णय रद्द झाला, पद्धत संपली नाही.

हातात ३० हजार पडत असतील, तर तोटा कुठे आहे?

पहिल्या महिन्यात तो दिसत नाही. कायम नोकरीतला नवा चालक सुरुवातीला कमी वेतनावरही असू शकतो. फरक पुढे पडतो. कायम चालकाची दरवर्षी वेतनवाढ होते, ज्येष्ठता साठते, कुटुंबाला प्रवासाचा पास मिळतो, सेवेत असताना मृत्यू झाल्यास वारसाला अनुकंपा नियुक्तीसाठी अर्ज करता येतो. कारवाई झाली तर आरोपपत्र, चौकशी आणि अपील या पायऱ्या असतात. कंत्राटी चालकाला मात्र ‘उद्यापासून येऊ नका’ एवढे सांगून भागते.

दुसरी गोष्ट आकड्यांत दडलेली आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून २१ हजार रुपये आहे. म्हणजे ३० हजारांचा चालक त्या दवाखान्याच्या आणि आजारपणातील भत्त्याच्या छत्राबाहेर राहतो. भविष्य निर्वाह निधीच्या सक्तीची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार रुपये मूळ वेतनाची आहे. मूळ वेतन त्यापेक्षा जास्त दाखवले आणि कामगार निधीचा आधीपासून सभासद नसेल, तर त्याला बाहेर ठेवता येते. म्हणून एकूण रकमेपेक्षा तिची फोड महत्त्वाची.

कायदा कंत्राटी कामगाराला काय देतो?

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने दोन आधार दिले होते. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते मुख्य मालकाने द्यायचे, आणि कायम कामगारासारखेच काम असेल तर वेतनही तेवढेच. हा कायदा २० कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. महाराष्ट्राने ती संख्या ५० केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयक संहितेत गेला. तिथेही मर्यादा ५० आहे आणि थकीत वेतनाची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावरच आहे.

नव्या संहितेने आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे. बस चालवणे हे एसटीचे मुख्य काम नाही, असे म्हणणे अवघडच. पण अपवादही आहेत. एखादे काम सर्वसाधारणपणे कंत्राटदाराकडूनच होत असेल किंवा कामात अचानक वाढ झाली असेल, तर मनाई लागू होत नाही. शिवाय कंत्राटदाराने कामगाराला स्वतःच्या नियमित नोकरीत घेऊन वेतनवाढ आणि सामाजिक सुरक्षा दिली, तर तो कायद्याच्या भाषेत ‘कंत्राटी कामगार’ राहतच नाही.

कंत्राटी कामगार न्यायालयातून कायम होऊ शकतो का?

वाट आहे, पण लांबची. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. मात्र कंत्राट केवळ कागदोपत्री, दिखाऊ असेल तर ते होतात. २००६ च्या उमादेवी निकालाने रीतसर भरतीविना आलेल्यांचा कायमपणाचा हक्क नाकारला. २०१६ मध्ये जगजितसिंग प्रकरणात समान कामाला समान वेतन, हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू झाले. डिसेंबर २०२४ मधील जग्गो प्रकरणात, उमादेवी निकालाची ढाल करून वर्षानुवर्षे राबवून घेता येणार नाही, असा सूर न्यायालयाने लावला.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मुंबईचे आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यानंतर एप्रिल २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने मोकळा केला. त्यामागे संघटना आणि अनेक वर्षांची न्यायालयीन लढाई होती. तीन वर्षांच्या करारावर, वेगवेगळ्या आगारांत विखुरलेल्या चालकांना ते जमवणे कठीण आहे.

प्रवाशांचा यात काय संबंध?

२३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दरडींनी आंबेनळी घाट बंद पडला. अशा दिवशी गाडी न सोडण्याचा निर्णय घ्यायला चालकाला भीती वाटता कामा नये. फेरी रद्द झाली म्हणून ज्याचा पगार कापला जाणार नाही, तो ‘धुके फार आहे, थांबतो’ असे सांगू शकतो. ज्याचे काम किलोमीटरवर मोजले जाते, त्याला ते सांगणे जड जाते. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. मे महिन्याच्या हंगामात ती पाळली जाते की नाही, हे तपासणारा कोण, हे करारात स्पष्ट हवे.

कायम आणि कंत्राटी यांच्या मधला मार्ग आहे का?

याचे उत्तर सातारकरांनीच घडवलेले आहे. जावळी, पाटण भागातील माणसे मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत ओझी वाहायला गेली. त्यांना कायम मालक नव्हताच. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मालकाकडून मजुरी आणि वर लेव्ही मंडळात जमा, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस. मालक बदलला तरी हक्क कामगारासोबत राहतो, हे या कायद्याचे सूत्र. कंत्राटी चालकांसाठी असे मंडळ नाही. कंत्राटदार तीन वर्षांनी बदलला की सेवेची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

सही करण्यापूर्वी काय पाहावे?

नियुक्तिपत्र कोणाच्या नावाने आहे, मूळ वेतन किती, निधीचा खाते क्रमांक मिळणार का, फेरी रद्द झाल्यास वेतन मिळणार का, अपघातात विमा आणि वकील कोण देणार, आणि नवा कंत्राटदार आल्यास जुन्या चालकांना प्राधान्य आहे का. ही सहा उत्तरे लेखी घ्यावीत. वेतनपावती आणि हजेरीची नोंद दर महिन्याला जपून ठेवावी. पुढे वाद झालाच, तर तीन वर्षे एसटीचीच बस चालवली हे सिद्ध करायला तेवढाच कागद हाती असतो.