तबकडी फिरेपर्यंत

एसएसडी बसवली म्हणून गेमचे फ्रेम्स वाढत नाहीत, हे आधीच कबूल करून टाकू. सेकंदाला साठ चित्रं रंगवायची की शंभर, हे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. तिथे ड्राइव्हला कोण विचारतो! तरीही गेमिंगच्या कॉम्प्युटरात एसएसडी हवीच, आणि त्याचं कारण कळायला हार्ड डिस्कच्या पोटात डोकावावं लागतं. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा 8.3 मिलिसेकंदांचा. हेड योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद, मग हवा तो तुकडा फिरत त्याच्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा. विखुरलेले तुकडे मागा, ही डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी उचलून देते. सलग वाचताना तीच सेकंदाला दीडशे एमबी सहज ओतते, पण खेळाडू कुठे वळेल ते आधी ठाऊक नसलेल्या गेमला सलग मिळणार कसं? भिंतीचा पोत एकीकडे, पावलांचा आवाज दुसरीकडे. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साध्या साटा एसएसडीलाही एक तुकडा काढायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो.

या हेडची धावपळ वाचवायला गेम बनवणारे एकच वस्तू डिस्कवर अनेक जागी लिहून ठेवत. मार्क सर्नी यांनी 2020 मध्ये प्लेस्टेशन 5 ची रचना समजावताना सांगितलं, की ‘स्पायडरमॅन’मधला काही डेटा चारशे वेळा लिहिलेला होता. ‘हेलडायव्हर्स 2’ने 2025 च्या अखेरीस पीसीवरच्या अशा नकला काढल्या, तेव्हा 154 जीबीचा गेम 23 जीबीवर आला. गंमत म्हणजे नकला गेल्यावर हार्ड डिस्कवाल्यांचं लोडिंग काही सेकंदांनीच लांबलं, कारण तिथे खरा वेळ नकाशा रचण्यात जात होता. मग एसएसडी कशाला, असं कुणी विचारेल. प्रोसेसरच रखडतो तिथे ड्राइव्हचा उपयोग थोडाच, हे खरं. पण ‘स्टारफिल्ड’सारखा 2023 चा गेम किमान अटींतच एसएसडी मागतो.

याच हिशेबाने महागडी एसएसडी मात्र बहुतेकांना नको. साटा एसएसडीचे सेकंदाला 550 एमबी आणि चौथ्या पिढीच्या एनव्हीएमई एसएसडीचे 7000, आकडा तेरापट. लोडिंग तेरापट घटत नाही. डेटा आला तरी तो उलगडायचा असतो, आणि ते काम अजून बहुधा प्रोसेसरच्याच गळ्यात आहे. झिजण्याची भीतीही फुकाची. 1 टीबीच्या अनेक ड्राइव्हना 600 टीबी लेखनाची हमी असते. दर आठवड्याला 100 जीबीचा नवा गेम उतरवला तरी वर्षाला होतात सव्वापाच टीबी. गेम चालताना बहुतेक वाचनच होतं.

राहिला पैसा. जागेच्या हिशेबात हार्ड डिस्क आजही स्वस्त पडते, म्हणून ती फेकू नये. सध्या न खेळले जाणारे गेम तिच्यावर पडू द्यावेत. खेळावंसं वाटलं की 100 जीबी एसएसडीवर हलवायला दहा-बारा मिनिटं लागतात, कारण सलग वाचणं हार्ड डिस्कला छान जमतं.