लाल दिवा लागला, म्हणून पंप बदलायचा?

गाडीच्या डॅशबोर्डवर अल्लादिनच्या दिव्यासारखं चित्र असलेला एक लाल दिवा असतो. चावी फिरवली की तो पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझतो. चालत्या गाडीत तो पुन्हा पेटला की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण "घरी पोचून बघू" म्हणत तसेच पुढे जातात. बाकीचे थेट गॅरेज गाठून सांगतात, "ऑईल पंप बदला." पहिल्या प्रकारात इंजिन जातं आणि दुसऱ्यात बऱ्याचदा पैसे फुकट जातात.

हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तो तेलाचा दाब सांगतो. धडधाकट इंजिनात ३००० आरपीएमला साधारण ३ ते ४ किलो दाब असतो. दिवा मात्र दाब अर्ध्या किलोच्याही खाली आला की पेटतो. म्हणजे तो पेटला तेव्हा उशीर झालेलाच असतो. धावत्या इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकलेला नसतो, तो तेलाच्या केसाहून बारीक थरावर तरंगत असतो. तो थर गेला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम!

आता पंपाबद्दल. कोल्हापूरकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण पंचगंगेच्या काठावर शेतीच्या मोटरी आपण लहानपणापासून बघतो. नदीत फुटव्हॉल्वची जाळी, वर पंप आणि पुढे पाईपलाईन. इंजिनातही तसंच आहे. खाली चेंबरमध्ये तेल, त्यात बुडालेली जाळी, वर पंप, मग फिल्टर आणि पुढे बेअरिंगपर्यंत जाणाऱ्या बारीक वाटा. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी गावाकडे ती अजून धावताना दिसते. तिच्यात हा पंप इंजिनाच्या पुढच्या बाजूला क्रँकवरच बसवलेला असतो. त्यात एकात एक दोन रोटर असतात. आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी असतो. फिरताना एका बाजूची पोकळी मोठी होते आणि तेल ओढलं जातं, दुसऱ्या बाजूची लहान होते आणि तेल ढकललं जातं. दाब फार वाढला तर स्प्रिंगवाला रिलीफ व्हॉल्व जास्तीचं तेल परत सोडतो.

खरी गोम इथे आहे. पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या अरुंद वाटांनी अडवल्यामुळे. पाईपला बोट लावलं की पाणी जोरात उडतं, तसंच. म्हणून बेअरिंग झिजून फट वाढली, की पंप कोरा करकरीत असूनही दाब पडतो. या बेअरिंगच्या पातळ पाट्या आपल्या गोकुळ शिरगावात मेनन बेअरिंग्जमध्ये बनतात. त्यांची फट मिलीमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात!

सुट्टीत मी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये बसायचे. तिथे एक काका मारुती घेऊन आले. दुसरीकडे नवा पंप टाकून घेतला होता, तरी दिवा पेटतच होता. मिस्त्री मला म्हणाले, "मॅडम, आधी मापायचं, मग खोलायचं." त्यांनी दिव्याचा स्विच काढून तिथे प्रेशर गेज लावला. दाब खरंच कमी होता. चेंबर उतरवला तर जाळीवर काळा गाळ आणि जुन्या सीलंटचे तुकडे! जाळी धुतली, नवं तेल आणि फिल्टर टाकला आणि दाब जागेवर आला. काकांचा पंपाचा खर्च मात्र वायाच गेला होता.

म्हणून तपासायचा क्रम असा ठेवा : तेलाची पातळी, तेलाचा ग्रेड, फिल्टर, स्विच आणि वायर, गेजवर खरा दाब, जाळी, रिलीफ व्हॉल्व आणि मग पंप. थंड इंजिनात दाब ठीक, पण गरम झाल्यावर आयडलला पडतो, असं असेल तर तेल पातळ झालंय का ते बघून बेअरिंगवर संशय घ्या.

पंप खोलावाच लागला तर तेल काढा, टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवून बेल्ट उतरवा आणि चेंबर काढा. फिलर गेजने रोटर आणि बॉडीमधली फट मोजा. साधारण ०.३ मिलीमीटरच्या वर गेली तर पंप बाद, पण शेवटचा शब्द त्या गाडीच्या मॅन्युअलचा. पॅकिंग आणि ऑईल सील नवंच घाला. सीलंट पातळच लावा, कारण जास्तीचा आत पिळून निघतो आणि जाळीत जाऊन बसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोटरमध्ये तेल भरूनच पंप बसवा. मोटरीत पाणी भरल्याशिवाय शेतकरी बटण दाबतो का? तेच इथे. नवा फिल्टर लावून तेल भरल्यावर कॉईलची वायर काढा आणि दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. मग वायर जोडून इंजिन चालू करा, गेजवर दाब बघा आणि गळती तपासा.

पण हे सगळं टाळणं आपल्याच हातात आहे. तेल आणि फिल्टर वेळेवर बदला, ग्रेड कंपनीने सांगितलेलाच वापरा. चावी फिरवल्यावर दिवा पेटतो का, तेही बघत जा. पेटलाच नाही तर बल्ब, वायर किंवा स्विच गेलाय, आणि वेळ आल्यावर तो तुम्हाला सांगणारच नाही. चालताना पेटला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि टोचन करून न्या. टोचनचे पैसे इंजिनापेक्षा कधीही स्वस्त!

आणि होस्टेलच्या स्प्लेंडरवाल्या भावांनो, हसू नका. ऑईल पंप तुमच्या गाडीतही आहे. फक्त तुम्हाला तो लाल दिवा दिलेला नाही. एक लिटरभर तेलावर तुमचं सगळं इंजिन चालतं. तेव्हा येत्या रविवारी गाडी धुवायच्या आधी डिपस्टिक काढून बघा!