महामारीचा कचरा कोणाच्या हातात जातो?

कोरोनाच्या काळात आपण मास्क लावला, हात धुतले. पण वापरलेला मास्क पुढे कुठे गेला? आधी कचराकुंडीत, आणि तिथून सफाई कामगाराच्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात. ही माणसे बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतली असतात.

रुग्णालयातील कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत. आम्ही नर्सेस रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत आणि सुया टोच न लागणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतो. महामारीत हाच कचरा घराघरांत तयार झाला, तेव्हा वस्तीत पिवळी पिशवी कुठून येणार? हा प्रश्न केवळ आपला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार अत्यंत मागास देशांतील ६० टक्के आरोग्य केंद्रांकडे नेहमीचा कचरा हाताळण्याचीही पुरेशी सोय नव्हती. त्यात महामारीची भर पडली.

म्हणून पुन्हा साथ आली तर काय करायचे, हे आजच ठरवून ठेवू या.

• वापरलेले मास्क व हातमोजे कागदी पिशवीत किमान ७२ तास वेगळे ठेवा. मग कापून कोरड्या कचऱ्यात टाका. कोरोनाकाळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सर्वसाधारण घरांना हेच सांगितले होते. खोली लहान असेल तर दाराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर पिशवी अडकवा आणि तिच्यावर तारीख लिहा.

• घरात रुग्ण असेल तर त्याचा कचरा वेगळा बांधा आणि घंटागाडीवाल्याला तसे सांगून द्या.

• इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा. डबा जवळच्या दवाखान्यात द्या.

• कचरा जाळू नका. प्लास्टिकचा धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

• कोणाला वापरलेली सुई टोचली तर जखम दाबू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे जितकी लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

ही झाली आपली जबाबदारी. पण पालिकेचीही आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी सफाई कामगाराला हातमोजे, मास्क, योग्य पादत्राणे व रेनकोट देणे बंधनकारक केले. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्याला कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस मिळाली पाहिजे. आपल्या गल्लीत येणाऱ्या कामगाराला विचारा, हे मिळाले का? नसेल तर महिला मंडळाच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ही मेहेरबानी नाही, त्याचा हक्क आहे.