नळी लांब की आखूड? लिव्हर रायफलीची निवड आणि भारतीय कायदा

होसकोटे (बंगळूर) : बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या मार्गावरील होसकोटे एकेकाळी शहाजीराजे भोसले यांच्या कर्नाटकातील जहागिरीत मोडत असे. पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, ऑगस्ट १७६८ मध्ये, इंग्रजांच्या बाजूने लढणारे गुत्तीचे मुरारराव घोरपडे येथे छावणी टाकून होते. २२ ऑगस्टच्या रात्री हैदर अलीच्या घोडदळाने या छावणीवर छापा घातला. आपल्या माणसांनी घोड्यावर चढू नये, पायीच उभे राहावे आणि जो कोणी स्वार दिसेल त्याच्यावर तुटून पडावे, अशी आज्ञा मुराररावांनी दिल्याचे इतिहासकार सांगतात. छापा फसला.

स्वाराची गरज वेगळी आणि पायदळाची वेगळी, हे बंदुका घडविणाऱ्यांनाही फार पूर्वीपासून ठाऊक होते. पायदळाच्या शिपायाला संगीन लावून भाल्यासारखी वापरता येईल अशी लांब नळी हवी असे. घोडेस्वाराला खोगिरावरून एका हाताने सावरता येईल अशी आखूड बंदूक लागे. ‘कराबीन’ हा शब्द अशा आखूड बंदुकीसाठीच मराठीत रूढ झाला. पायदळाच्या बंदुकीची नळीही पुढे कमी होत गेली. ‘ब्राऊन बेस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी बंदुकीची नळी आरंभी ४६ इंच होती. नंतर ती ४२ इंचांवर आली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीत ३९ इंचांवर स्थिरावली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लिव्हर रायफल पुढे आली, तेव्हा हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. या रायफलीत चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकते. १८७३ सालच्या प्रसिद्ध विंचेस्टर रायफलीचे तीन प्रकार निघाले : स्वारासाठी २० इंच नळीची कराबीन, सामान्य वापरासाठी २४ इंची रायफल आणि लष्करी धाटणीची ३० इंची बंदूक. यंत्रणा तीच असूनही नळी बदलली की हत्याराचा स्वभाव बदलत असे.

यामागील कार्यकारणभाव सोपा आहे. काडतुसातील दारू पेटली की तिचा वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीत असेपर्यंतच हा रेटा तिला मिळतो. त्यामुळे नळी लांब असेल तर वेग वाढतो. मात्र गोळी पुढे सरकेल तसा वायूचा दाब झपाट्याने उतरतो आणि प्रत्येक वाढीव इंचाचा लाभ घटत जातो. मध्यम ताकदीच्या रायफलीत एका इंचामागे सेकंदाला साधारण २० ते ३० फूट वेग वाढतो, असा ढोबळ हिशेब आहे. मूळ वेग सेकंदाला सुमारे २२०० फूट धरला, तर २० ऐवजी २४ इंची नळी घेतल्याने वेगात जेमतेम चार-पाच टक्क्यांची भर पडते. शंभर मीटरच्या आतील निशाण्यावर हा फरक क्वचितच जाणवतो. लहान काडतुसांत दारूच कमी असल्याने तो आणखी आधी संपतो; .२२ बोअरच्या रायफलीत साधारण १६ इंचांपुढे वेगाचा विशेष लाभ उरत नाही.

लांब नळीची बंदूक अधिक अचूक असते, हा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. सारख्याच जाडीच्या दोन नळ्यांपैकी आखूड नळी अधिक ताठ असते आणि गोळी सुटताना कमी थरथरते. अचूकतेचा फरक पडतो तो नेम धरण्यात. साध्या नेमखुणांच्या बंदुकीत पुढची आणि मागची खूण यांतील अंतर जितके जास्त, तितकी डोळ्याची चूक कमी. दुर्बीण बसविली की हा लाभ बहुतांशी नाहीसा होतो.

लिव्हर रायफलीत आणखी एक गोष्ट नळीशी बांधलेली असते. बहुतेक प्रकारांत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात एकामागे एक ठेवलेली असतात. हे नळकांडे पूर्ण लांबीचे असल्यास मुख्य नळी आखूड होताच काडतुसांची संख्याही घटते. याउलट लांब नळीचे वजन पुढे झुकते. उभे राहून शांतपणे नेम धरताना ते उपकारक ठरते, पण झाडीझुडपांतून चालताना किंवा वाहनात ठेवताना अडचणीचे होते. आखूड नळीचा तोटा म्हणजे गोळीबाराचा आवाज आणि तोंडाशी उठणारा जाळ. दोन्ही वाढतात आणि कानांच्या संरक्षणाची गरजही वाढते.

भारतात मात्र या निवडीला कायद्याची चौकट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे प्रयोजन उरलेले नाही. रायफल आढळते ती निशाणेबाजीसाठी, संरक्षणासाठी किंवा वारसाहक्काने आलेली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात नळीच्या लांबीचा स्पष्ट उल्लेख आहे. संरक्षण वा क्रीडेसाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची जी तरतूद आहे, तीत नळी किमान २० इंचांची असावी असे म्हटले आहे. त्याहून आखूड गुळगुळीत नळीची बंदूक नियमांनुसार प्रतिबंधित वर्गात जाते. ही मर्यादा आतून पिळाच्या खाचा असलेल्या रायफलीला लागू नाही. रायफलीसाठी अर्जदाराकडे सबळ कारण आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. होसकोटे बंगळूर ग्रामीण जिल्ह्यात असल्याने येथे हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे; बंगळूर शहरात तो पोलीस आयुक्तांकडे आहे.

सर्वांत महत्त्वाची तरतूद कलम ६ ची आहे. स्वतंत्र परवान्याशिवाय कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. बंदूक परवान्याची आहे, एवढे कारण त्यासाठी पुरेसे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. आजोबांची लांब रायफल हाताळायला जड वाटते म्हणून लोहाराकडून चार इंच कापून घेणे ही घरगुती दुरुस्ती नव्हे, तो गंभीर गुन्हा आहे.

तांत्रिकदृष्ट्याही ते नुकसानीचेच. नळीचे तोंड वाकडे कापले गेले तर बाहेर पडणाऱ्या गोळीवर वायूचा दाब एकसारखा राहत नाही आणि ती भरकटते. पुढची नेमखूण निघून जाते. लिव्हर रायफलीत तर काडतुसांचे नळकांडे आणि ते नळीला धरून ठेवणारे कडेही बाधित होते.

म्हणून निर्णय हत्यार स्वीकारण्यापूर्वीच घ्यावा. साध्या नेमखुणांनी निशाणेबाजी करणाऱ्याने २४ इंचांच्या आसपासची नळी पाहावी. वरचेवर ने-आण करायची असेल वा दुर्बीण लावायची असेल, तर २० इंच पुरेसे आहेत. वारसाहक्काने आलेली रायफल गरजेला जुळत नसेल, तर ती नियमानुसार हस्तांतरित करावी किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे सोपवावी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, तसेच त्याने वयाची ७० वर्षे किंवा शस्त्र बाळगल्याची २५ वर्षे यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यानंतर, वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्या अर्जापूर्वी घरातील बंदूक एकदा शांतपणे हाती घेऊन, ती रिकामी असल्याची खात्री करून, तिची नळी मोजून पाहणे उपयुक्त ठरेल.