प्रचरणाची कसोटी: किती नमुने पुरेत?

बाटल्यांत औषध भरणारे यंत्र सरासरी अचूक राखूनही बिघडलेले असू शकते. एका बाटलीत दोन मिलिलिटर जास्त, दुसरीत तेवढेच कमी. सरासरी पाहावी तर सारे आलबेल. दोष उघडा पडतो तो प्रचरणात, म्हणजे मोजमापे सरासरीभोवती किती विखुरली आहेत यात.

हा विखुरलेपणा तपासणाऱ्या कसोटीचे गणित जर्मन भूमापनतज्ज्ञ फ्रीड्रिख हेल्मर्ट यांनी १८७६ मध्ये मांडले. नमुन्याच्या संख्येतून एक वजा करायचा, उत्तराला नमुन्याच्या प्रचरणाने गुणायचे आणि अपेक्षित प्रचरणाने भागायचे. मोजमापे प्रसामान्य वितरणातली असतील आणि यंत्र ठीक असेल, तर ही राशी काय-वर्ग वितरण पाळते.

पण खरा बिघाड कसोटीच्या हाती लागण्याची शक्यता किती? येझी नेमन आणि इगॉन पिअरसन यांनी १९३३ मध्ये या शक्यतेला कसोटीची शक्ती म्हटले. प्रचरणाच्या बाबतीत तिचे एक वैशिष्ट्य थक्क करते: नमुन्याची संख्या आणि सार्थकता पातळी (यंत्र ठीक असतानाही त्याला दोषी ठरवण्याची शक्यता) ठरली की ही शक्ती केवळ खऱ्या व अपेक्षित प्रचरणांच्या गुणोत्तरावर अवलंबून राहते. मोजमाप मिलिलिटरमध्ये असो वा किलोमीटरमध्ये, कोष्टक एकच!

आता आकडे पाहू. सार्थकता पातळी ५ टक्के, कसोटी एकतर्फी, म्हणजे एका वेळी फक्त वाढ किंवा फक्त घट शोधणारी. प्रमाण विचलन, म्हणजे प्रचरणाचे वर्गमूळ, दुप्पट झाले असेल, तर अवघ्या १० बाटल्या ते सुमारे ९० टक्के वेळा पकडतात. ते निम्मे झाले असेल आणि तसे सिद्ध करायचे असेल, तर त्याच १० बाटल्यांत यश सुमारे ८५ टक्के. वाढ आणि घट कसोटीला सारख्या दिसत नाहीत. केवळ प्रचरण दुप्पट झाले, तर १० बाटल्यांत शक्ती ५० टक्क्यांच्याही किंचित खाली येते. ९० टक्क्यांसाठी ३७ बाटल्या लागतात. आणि प्रमाण विचलन फक्त १० टक्क्यांनी वाढले असेल, तर सुमारे ४७० बाटल्या!

मात्र हे सारे प्रसामान्यतेच्या पायावर उभे आहे. प्रचरणाच्या कसोट्या या गृहीतकाबाबत किती हळव्या असतात, हे जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्ये दाखवले. टोकाची मोजमापे वारंवार येत असतील, तर नमुना वाढवूनही चूक सुधारत नाही. म्हणून बाटल्यांची संख्या ठरवण्याआधी मोजमापांच्या वितरणाचा आकार तपासणे अत्यावश्यक ठरते.