एकच जंतू, दोन आजार

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द कोरोनाच्या साथीत घराघरांत पोहोचला. काढे, गोळ्या, च्यवनप्राश अशा सगळ्यांच्या वेष्टनांवर तो झळकला आणि त्यासोबत एक समजूतही रुजली, की ही शक्ती जितकी जास्त तितका माणूस सुरक्षित. प्रत्यक्षात शरीराचा कारभार इतका सरळ नाही. तो नीट समजून घ्यायचा तर कुष्ठरोगाकडे पाहावे.

यवतमाळ जिल्ह्याला हा आजार परका नाही. जिल्ह्याच्या तीन शेजाऱ्यांकडे कुष्ठसेवेची तीन मोठी कामे उभी राहिली. वर्धा जिल्ह्यात दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन १९४६ चे. आणि वणी-मारेगावकडून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन. या पट्ट्यात हा आजार किती खोल मुरला होता, हे त्यावरून कळते. यवतमाळच्या खेड्यांत शोधमोहिमेच्या दिवसांत आशा कार्यकर्त्या आजही घरोघर फिरून अंगावरचे चट्टे विचारतात.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली दाखवला. हा जंतू कमालीचा संथ आहे. पटकीचा जंतू तासाभरात अनेकदा दुभंगतो. याला एकदा दुभंगायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन-पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. त्याला थोडा थंडावा मानवतो, त्यामुळे त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या आणि कातडीलगतचे मज्जातंतू ही त्याची आवडती ठिकाणे. तो स्वतः फारसे विष सोडत नाही. मग माणसाची बोटे का झडतात? उत्तर बरेचसे शरीराच्या प्रतिसादात आहे.

आपल्या संरक्षणाचे ढोबळमानाने दोन हात आहेत. एक हात प्रतिपिंडांचा. रक्तात फिरणारी ही प्रथिने पेशींबाहेरच्या जंतूंना चिकटून त्यांचा बंदोबस्त करतात. दुसरा हात पेशींचा. भक्षक पेशी जंतूला गिळतात आणि टी-पेशी त्यांना रासायनिक संदेश देऊन आतला जंतू मारण्याचे बळ देतात. कुष्ठरोगाचा जंतू भक्षक पेशींच्या पोटातच घर करतो. तिथे प्रतिपिंड पोहोचत नाहीत. तिथे उपयोगी पडतो तो फक्त दुसरा हात.

हा दुसरा हात जोरात चालला, तर जंतू जवळजवळ संपतात. अंगावर एखाददुसरा फिकट, बधिर चट्टा उमटतो आणि त्यात जंतू शोधूनही सापडत नाही. हाच हात थंड पडला, तर जंतू कोट्यवधींनी वाढतात. कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, अंगभर गाठी येतात. अशा रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंड भरपूर असतात, पण ते निरुपयोगी ठरतात. दिसायला हे दोन वेगळे आजार, जंतू मात्र एकच. या दोन टोकांमधल्या पायऱ्या रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली मांडल्या. ती मांडणी आजही वापरली जाते. दुसऱ्या टोकाच्या रुग्णाची एकूण प्रतिकारशक्ती खालावलेली असते असेही नाही. इतर बहुतेक आजारांशी त्याचे शरीर नीट लढते. या एका जंतूपुढेच ते गप्प राहते.

पहिल्या टोकाचा रुग्ण तरी सुखी म्हणावा का? तसेही नाही. जंतू मज्जातंतूच्या आवरणातील पेशींत लपलेला असतो. त्याला घेरायला संरक्षक पेशी गर्दी करतात, सूज येते आणि त्या दाटीत मज्जातंतूच चेपला जातो. तिथली संवेदना जाते, मग स्नायूंचे बळ जाते. पऱ्हाटीतला कापूस वेचताना बोंडाची टोके बोटांना बोचतात. ज्याला ती बोचतच नाहीत, त्याला जखम झालेलीही कळत नाही. चुलीचा चटका, पायात रुतलेला काटा, सगळे तसेच. जखम चिघळते, हाड झिजते. बोटे जंतू खात नाही. वेदना हरवल्यामुळे ती जातात.

यातला सर्वांत नाजूक टप्पा उपचारादरम्यान येतो. १९८२ पासून बहुविध औषधोपचार आहे. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही औषधे सहा महिने किंवा वर्षभर घेतली की जंतू मरतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. पण मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात राहतात आणि गप्प असलेले संरक्षण कधी त्यांच्यावर अचानक तुटून पडते. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, मज्जातंतू ठणकतात, काहींना ताप आणि दुखऱ्या गाठी येतात. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. रुग्णाला वाटते, गोळ्यांनीच घात केला. ऐन वेचणीच्या दिवसांत रोजंदारी बुडते आणि तो गोळ्या सोडतो. वास्तविक तेव्हा गोळ्या चालू ठेवून प्रेडनिसोलोनसारख्या औषधाने हा उद्रेक शांत करायचा असतो. म्हणजे डॉक्टर तेव्हा प्रतिकाराचा जोर मुद्दाम कमी करतात. काही दिवसांचा उशीरही हात किंवा पाय कायमचा लुळा करू शकतो. त्या दिवसांत ‘इम्युनिटी’ वाढवणारा काढा देणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट आकड्यात सांगण्याजोगी आहे. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांचे शरीर या जंतूला मुळातच दाद देत नाही. बाबा आमटे यांनी कोलकात्यात प्रयोगासाठी कुष्ठजंतू स्वतःला टोचून घेतले आणि त्यांना रोग झाला नाही, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. शास्त्राच्या दृष्टीने त्यात नवल नाही. नवल याचे, की इतक्या कमी लोकांना होणाऱ्या आजाराची धास्ती समाजाने हजारो वर्षे बाळगली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळायला २०१९ साल उजाडावे लागले.

देशाने २००५ च्या अखेरीस दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले, पण नवे रुग्ण थांबलेले नाहीत. रुग्णाच्या निकटच्या व्यक्तींना आता रिफाम्पिसिनची एकच मात्रा प्रतिबंध म्हणून दिली जाते. तपासणी तर अगदी साधी आहे. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाचे टोक हलकेच टेकवायचे आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. बोट चुकले किंवा उचललेच नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. कापसाच्या या जिल्ह्यात त्या तपासणीचे साधन घरोघर आहे.